शून्य पूर्णांक सातचे गौडबंगाल

बारावीला भौतिकशास्त्र घेतलेल्या मराठी माणसाला झोपेतून उठवून 'सिलिकॉनच्या डायोडला किती व्होल्ट लागतात?' असे विचारले, तरी तो 'शून्य पूर्णांक सात' असे सांगून पुन्हा कूस बदलेल. महाराष्ट्र बोर्डाच्या प्रात्यक्षिकांतला हा नेहमीचा प्रयोग. पॅनेलवर तारा जोडायच्या, दोन मीटर वाचायचे, आलेख काढायचा, जर्नलवर सही घ्यायची आणि तोंडी परीक्षेसाठी दोन आकडे पाठ करायचे: सिलिकॉन ०.७, जर्मेनियम ०.३.

आता हाच माणूस अल्फारेटात राहतो, रोज ४०० नंबरच्या हायवेने कामाला जातो आणि त्याची आठवीतली मुलगी सायन्स फेअरसाठी डायोड निवडून विचारते, "बाबा, बरोबर ०.७ लाच काय होतं?" तिथले परीक्षक आकड्यापेक्षा तो कसा मिळाला, हे आधी विचारतात. पाठ केलेले उत्तर तिच्या हाती ठेवले, तर प्रकल्प तिचा राहत नाही. आणि गंमत अशी, की मोजून पाहिले तर ०.७ ला विशेष असे काही घडतच नाही!

ओहमने १८२७ साली सांगितलेला नियम आपल्याला ठाऊक आहे: व्होल्टेज दुप्पट केले की प्रवाहही दुप्पट. १८७४ मध्ये फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाला असे काही खनिज स्फटिक आढळले, की जे हा नियम पाळत नाहीत आणि प्रवाहाला एकाच दिशेने सुखाने जाऊ देतात. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेनाच्या स्फटिकाचा उपयोग विद्युतलहरी पकडण्यासाठी केला. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. आजचा डायोड याच घराण्यातला.

मोजणीला लागणारे साहित्य किरकोळ आहे. '१ एन ४१४८' हा काचेचा छोटा डायोड, नऊ व्होल्टची बॅटरी, एक डिजिटल मल्टिमीटर आणि १ मेगओहम, १०० किलोओहम, १० किलोओहम व १ किलोओहम असे चार रेझिस्टर. एकेक रेझिस्टर डायोडशी एकसरीत जोडायचा आणि व्होल्टमीटर थेट डायोडच्या दोन टोकांना लावायचा. प्रवाह मोजायला वेगळा मीटर नको. बॅटरीच्या व्होल्टेजमधून डायोडचे वजा करा, उरले त्याला रेझिस्टरच्या ओहमने भागा. नियम मोडणाऱ्याचे माप नियम पाळणाऱ्याकडून घ्यायचे! मात्र रेझिस्टरशिवाय डायोड बॅटरीला कधीही लावू नये. तो क्षणात जळेल.

आकडे साधारण असे येतात. १ मेगओहमला प्रवाह ८.६ मायक्रोअँपिअर आणि डायोडवर सुमारे ०.३७ व्होल्ट. १०० किलोओहमला प्रवाह दहापट, व्होल्टेज सुमारे ०.४८. १० किलोओहमला आणखी दहापट, ०.५९. १ किलोओहमला सुमारे ८.३ मिलिअँपिअर आणि ०.७० व्होल्ट. तुमच्या डायोडचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण पायऱ्या सारख्याच दिसतील. दर ०.११ व्होल्टला प्रवाह दहापट.

हेच बिंदू साध्या आलेख कागदावर मांडले, तर पहिले तीन तळाशी चिकटून बसतात, शेवटचा एकदम वर जातो आणि रेषा ०.७ च्या आसपास 'वळल्यासारखी' दिसते. लॉग कागदावर मांडले, तर चारही बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. वळण गायब! म्हणजे ते वळण डायोडमध्ये नाही, आपण निवडलेल्या कागदाच्या मापात आहे. मिलिअँपिअरमध्ये मोजणाऱ्याला ते ०.७ ला दिसते, मायक्रोअँपिअरमध्ये मोजणाऱ्याला ०.४ च्या आसपास.

असे का व्हावे? डायोडच्या सांध्यात एक बोरघाट आहे असे समजा. तो चढण्याइतकी ऊर्जा थोड्याच इलेक्ट्रॉनांकडे असते. व्होल्टेज म्हणजे घाटाची उंची कमी करणे. उंची ठरावीक मापाने उतरवली, की चढून जाणारे दर वेळी त्याच पटीने वाढतात. शॉकलीने १९४९ साली मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे आदर्श डायोडमध्ये घरातल्या तापमानाला दहापटीसाठी सुमारे ०.०६ व्होल्ट पुरतात. खऱ्या डायोडला काही जास्त लागतात.

उलट जोडणीत खरी परीक्षा मोजणाऱ्याची असते. या डायोडची २० व्होल्टला, २५ अंश सेल्सिअस तापमानाला, गळती फार तर २५ नॅनोअँपिअर. पण दहा मेगओहमचा व्होल्टमीटर स्वतःच नऊ व्होल्टला ९०० नॅनोअँपिअर घेतो! तो डायोडला समांतर लावला, तर आपण डायोड नव्हे, मीटर मोजत बसतो. उपाय सोपा आहे. मीटर व्होल्टच्याच मापावर ठेवून डायोडशी एकसरीत लावावा. मग मीटरवरचे दर १० मिलिव्होल्ट म्हणजे १ नॅनोअँपिअर. डायोड चिमटीत धरला, की आकडा वाढतो, कारण गळती उष्णतेने वाढते. काचेवर विजेरीचा झोत टाकला तरीही वाढतो. छपरावरचे सौर पॅनेलही मुळात असेच डायोड आहेत.

सुलट जोडणीत, प्रवाह तोच ठेवला तर, दर अंश सेल्सिअसला व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. आपल्या संगणकातल्या प्रोसेसरचे तापमान याच गुणधर्माने मोजले जाते. म्हणून फलकावर खोलीचे तापमान लिहायला मुलांना जरूर सांगावे.

तेव्हा ०.७ हे उत्तर चूक नाही, अर्धे आहे. 'किती प्रवाहाला आणि किती तापमानाला?' हा त्याचा राहिलेला अर्धा भाग. तो मुलांना आपण सांगू नये. मीटर त्यांच्या हाती द्यावा, वही जवळ ठेवावी आणि आकडा पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आला तर खोडरबर मागू नये.