विस्तवावाचून उकळणारे पाणी

कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर, अरबी समुद्रात, कवरत्ती नावाचे चिमुकले प्रवाळबेट आहे. लक्षद्वीपची राजधानी ती हीच. बेटाच्या चोहोकडे अथांग पाणी. परंतु बेटावर नदी नाही की ओढा नाही. पावसाचे जे पाणी वाळूत मुरते, त्याचा पातळ थर जमिनीखालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. विहिरींना मिळते ते याच थराचे पाणी. उपसा अधिक झाला, की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते.

खारे पाणी उकळून त्याची वाफ थंड केली, तर मीठ मागे राहून गोडे पाणी हाती येते, हे दर्यावर्दी लोक पूर्वीपासून जाणत होते. परंतु जेथे इंधनही जहाजाने आणावे लागते, तेथे गावाला पुरेल एवढे पाणी उकळावे कशावर?

उत्तर समुद्रानेच दिले. तेथे पृष्ठभागाचे पाणी सुमारे २८ अंश सेल्सिअस उष्ण असते, तर ३५० मीटर खोलीवरचे पाणी १२ अंशांच्या आसपास थंडगार असते. शिवाय प्रवाळबेटाचा उतार एकदम तुटल्यासारखा असल्याने ही खोली किनाऱ्यापासून फार दूर नसते. आता, हवेचा दाब कमी झाला म्हणजे पाणी कमी उष्णतेवर उकळते. उंच पर्वतावर पाणी लवकर उकळते, पण डाळ मात्र शिजता शिजत नाही, त्याचे कारण हेच. बंद पात्रातील बहुतेक सर्व हवा पंपाने काढून घेतली, तर समुद्राचे कोमट पाणीदेखील विस्तवावाचून उकळू लागते. ही वाफ गार नळ्यांवर सोडतात. नळ्यांतून खोल समुद्राचे थंड पाणी वाहत असते. त्यांना स्पर्श होताच वाफेचे गोडे पाणी होते. शंभर लिटर पाण्यातून असे जेमतेम एक लिटर मिळते, पण समुद्राला काय तोटा!

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्तीवर असे केंद्र उभारले. त्याची क्षमता दररोज १ लाख लिटरांची होती. पुढे २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती या बेटांवरही अशी केंद्रे झाली.

तथापि हे पाणी फुकटचे नव्हे. पंपांना वीज लागते, आणि बेटावरील वीज बहुतांशी डिझेलवर, म्हणजे जहाजाने येणाऱ्या इंधनावरच, अवलंबून राहिली आहे. म्हणून समुद्राच्या त्याच ऊनगार पाण्यापासून वीजही निर्माण करावी आणि तिच्यावर पंप चालवावेत, असा प्रयत्न त्या संस्थेने कवरत्ती येथे हाती घेतला आहे.