मोटारीचा शेवटचा पाचवा हिस्सा

मोटार जन्मास कशी येते हे आपण पुष्कळदा ऐकतो. नव्या गाडीस हार घातला जातो, शेजारीपाजारी पेढे खाऊन जातात. परंतु ती मोटार मरते कशी आणि मेल्यावर तिचे काय होते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. भंगारवाला आला, चार पैसे हातावर ठेवून गाडी ओढून घेऊन गेला, म्हणजे आपला तिच्याशी असलेला संबंध संपला, अशी आपणा सर्वांचीच समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, हे जपानमधील एका लहानशा बेटावरील कुटुंबांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ भोगले. त्यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मोटारीच्या अखेरच्या प्रवासाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. निकामी झालेल्या गाडीतून आधी बॅटरी, तेल व टायर काढून घेतात. इंजिन, दिवे, दरवाजे असे उपयोगी पडणारे भाग दुसऱ्या गाड्यांसाठी विकले जातात. उरलेला सांगाडा दाबून एका प्रचंड यंत्रात घालतात, आणि ते यंत्र त्याचे मुठीएवढे तुकडे करते. लोखंड चुंबकाने वेगळे होते. तांबे व अॅल्युमिनियम अन्य उपायांनी निवडले जाते. हे सर्व पुन्हा भट्टीत जाऊन नवी धातू होते. अशा रीतीने गाडीच्या वजनाचे सुमारे चार हिस्से पुन्हा उपयोगात येतात. पाचवा हिस्सा मात्र उरतो. गादीतील स्पंज, फाटके कापड, रबर, काच, नाना जातींचे प्लॅस्टिक, आणि त्या सर्वांत मिसळलेले शिसे व तेल, असा तो भुगा असतो. त्यास विकत घेणारा कोणी नसतो. धातूचे पैसे हाती पडले, की तो कोठे तरी टाकून देण्याकडेच धंद्याचा कल असतो.

तेशिमा बेटावरील डोंगर

ते 'कोठे तरी' म्हणजे अखेर कोणाचे तरी गाव असते. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात, कागावा प्रांतात, तेशिमा नावाचे बेट आहे. त्या नावाचा अर्थच 'समृद्ध बेट' असा होतो. डोंगरउतारावरील भातखाचरे, दुधाचा धंदा आणि भोवतालची मासेमारी यांवर तेथील कुटुंबे सुखाने राहत होती. १९७५ साली एका व्यावसायिकाने त्या बेटावर कारखान्यांचा घातक कचरा आणण्याची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी एकजुटीने विरोध केला. तेव्हा त्याने आपला अर्ज बदलला आणि आपण गांडुळांची पैदास करणार असून त्यासाठी कागद कारखान्यांतील गाळासारखा निरुपद्रवी मालच आणू, असे सांगितले. १९७८ साली प्रांताच्या शासनाने त्यास परवाना दिला. विरोध करणारे गावकरी स्वार्थी आहेत, असेही त्यांस ऐकविण्यात आले.

गांडुळे हे केवळ निमित्त होते. बेटावर जहाजे लागू लागली ती मोटारींचा भुगा, निकामी तेल आणि टाकाऊ प्लॅस्टिक घेऊन. तो माल उघड्यावर जाळण्यात येई. काळा धूर गावावर पसरे, माणसे खोकल्याने हैराण होत. गावकऱ्यांनी तक्रारींवर तक्रारी केल्या. अधिकारी येत, पाहून जात, आणि जहाजे पूर्ववत येत राहत. अखेर नोव्हेंबर १९९० मध्ये कारवाई झाली, ती शेजारच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी धाड घातली म्हणून. तोवर किनाऱ्यावर विषारी कचऱ्याचा डोंगर उभा राहिला होता. समृद्ध बेटास लोक 'कचऱ्याचे बेट' म्हणू लागले, आणि तेथील कष्टाळू शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या मालाकडेही संशयाने पाहू लागले.

व्यावसायिकास शिक्षा झाली, परंतु डोंगर जागच्या जागीच राहिला. तो हलविण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता. १९९३ साली शेकडो रहिवाशांनी कायद्याच्या मार्गाने मध्यस्थीचा अर्ज केला. कोहेइ नाकाबो नावाच्या नामांकित वकिलांनी त्यांची बाजू घेतली. त्याच हिवाळ्यात गावकऱ्यांनी प्रांताच्या कचेरीसमोर ठाण मांडले, आणि सुमारे पाच महिने ते तेथे पाळीपाळीने उभे राहिले. त्यांत म्हातारी माणसे पुष्कळ होती. पुढे त्यांनी प्रांतातील गावोगावी सभा घेऊन आपले गाऱ्हाणे इतरांस समजावून दिले.

जून २००० मध्ये तडजोड झाली. प्रांताच्या राज्यपालांनी बेटावर येऊन गावकऱ्यांची माफी मागितली व सर्व कचरा उचलून नेण्याचे मान्य केले. गावकऱ्यांनी नुकसानभरपाईचा हक्क सोडला. आपल्या मुलानातवंडांस स्वच्छ जमीन परत मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. शेजारच्या नाओशिमा बेटावर भट्ट्या उभारून २००३ सालापासून तो कचरा वितळविण्यात आला. त्यातून तांब्यासारख्या धातू निघाल्या आणि उरलेला खंगर काँक्रीटमध्ये वापरला गेला. डोंगर संपण्यास २०१७ साल उजाडले. एकूण कचरा नऊ लाख टनांहून अधिक भरला. खर्च अब्जावधी येन झाला, आणि तो जनतेच्या खजिन्यातून करावा लागला.

भार कोणी उचलावा?

या प्रकरणाने जपानी लोकांचे डोळे उघडले. तडजोडीनंतर दोनच वर्षांनी, २००२ साली, तेथे जुन्या मोटारींविषयी कायदा झाला व १ जानेवारी २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला. त्याचे मर्म साधे आहे. नवी मोटार घेतानाच ग्राहक तिच्या अंत्यविधीची रक्कम भरून ठेवतो. सामान्य गाडीस ती सहा हजार ते अठरा हजार येनच्या आसपास असते. आणि त्या पाचव्या हिश्श्याची, स्फोटक हवापिशव्यांची व गाडी थंड ठेवणाऱ्या वायूची विल्हेवाट लावण्याचे कर्तव्य मोटार बनविणाऱ्यावर येते. प्रत्येक गाडी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची नोंद ठेवली जाते.

परिणाम डोळ्यांत भरण्याजोगा झाला. २००४ साली जपानात बेकायदा टाकलेल्या किंवा गैररीतीने साठविलेल्या गाड्या दोन लाखांहून अधिक होत्या. त्यांची संख्या पुढे काही हजारांवर आली. पूर्वी मातीत पुरला जाणारा भुगा आता शेकडा पंचाण्णवांहून अधिक उपयोगात येतो. शिवाय भुग्याचा भार आपल्याच शिरावर येणार हे कळताच कारखानदारही सुटे करण्यास सोपे भाग योजू लागले. शेवटचा हिशोब आरंभीच मांडला, म्हणजे वस्तू घडविणाऱ्याचा हातही आपोआप जपून चालतो.

आपल्या देशानेही आता ही वाट धरली आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, जुन्या वाहनांतील पोलादाचा ठरावीक हिस्सा पुन्हा मिळविण्याची जबाबदारी वाहने बनविणाऱ्यांवर आली आहे. शेतीचे ट्रॅक्टर व कापणी-मळणीची यंत्रे त्यांतून वगळली आहेत. परंतु नियम कितीही चांगला असला, तरी त्याची पहिली पायरी आपल्या अंगणातच आहे. जुनी जीप, टेम्पो वा मोटारसायकल मोडीत काढावयाची असेल, तर ती नोंदणीकृत केंद्रातच द्यावी, गाडी मोडीत निघाल्याचा दाखला मागून घ्यावा आणि परिवहन कार्यालयातील तिची नोंद रद्द करून घ्यावी. त्या केंद्राकडून गाडी जमा केल्याचा जो दाखला मिळतो, तो नवे वाहन घेताना करात सवलत मिळविण्याच्या कामी येतो. रस्त्याकडेच्या व्यवहारात कदाचित चार पैसे अधिक मिळतील. परंतु त्या गाडीचे तेल कोणत्या ओढ्यात सांडले आणि तिच्या गाद्या कोणाच्या शेताजवळ जळाल्या, हे आपणांस कधीच कळणार नाही.

तेशिमाच्या गावकऱ्यांनी त्या गाड्या चालविल्या नव्हत्या. त्यांतील लोखंड-तांब्याचा पैसाही त्यांनी पाहिला नव्हता. दुसऱ्यांनी चार हिस्से विकून खाल्ले, आणि पाचवा त्यांच्या दारात आणून टाकला. आपली जुनी गाडी दारातून हलेल त्या दिवशी, वाचकहो, तिचा पाचवा हिस्सा कोणाच्या दारी जाणार आहे, एवढे एकदा विचारून पाहावे, हीच आमची विनंती.