सर्व्हर किती दूर आहे?

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे अंतर जवळपास १३ हजार किलोमीटर. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली, तरी एका फेरीला १३० मिलिसेकंद लागणारच; समुद्रतळावरून वळणे घेत जाताना ती २००च्या आसपास जाते. शिवाय पान उघडायला एक फेरी पुरत नाही. जोडणीची एक, सुरक्षिततेच्या ओळखपरेडीची एक, मग खरी मागणी. सर्व्हर कितीही ताकदवान घेतला तरी हा वेळ कमी होत नाही.

त्यावर उपाय एकच, मजकूर वाचकाच्या जवळ नेऊन ठेवणे. कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजेच सीडीएन, हेच करते. छायाचित्रे, व्हिडिओ, फाँट अशा सर्वांना सारख्याच लागणाऱ्या फायलींच्या प्रती ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवते. तुमच्या बँक खात्यातली शिल्लक मात्र अशी साठवून चालत नाही. ती मूळ सर्व्हरलाच विचारावी लागते.

कोणती प्रत कुठे ठेवायची, हा प्रश्न सोपा नव्हता. एमआयटीत टॉम लेटन, त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचे सुंदर गणिती उत्तर मांडले: एखादा सर्व्हर बंद पडला, तर सगळ्या फायलींची जागा बदलत नाही, फक्त त्याच्या वाट्याच्या फायली हलतात. त्यातूनच १९९८ मध्ये अकामाय कंपनी उभी राहिली. ११ सप्टेंबर २००१ला अपहृत विमानात लेविन मारले गेले, अवघ्या ३१व्या वर्षी. त्या दिवशी बातम्यांच्या साइट्सवर उसळलेली गर्दी पेलायला त्यांचेच जाळे कामी आले.

गर्दी पेलणे हा सीडीएनचा तितकाच मोठा गुण. २०२३च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. एका ठिकाणच्या सर्व्हरांना हे झेपणारे नाही.

पण मध्यस्थ आला की त्याच्यावर विसंबणेही आले. ८ जून २०२१ला फास्टली या सीडीएनमधला एक सुप्त दोष जागा झाला आणि ‘द गार्डियन’पासून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळापर्यंत अनेक साइट्स एकदम बंद पडल्या.

सांगलीतल्या दवाखान्याची साइट मुंबईच्या सर्व्हरवर असेल आणि रुग्ण आसपासचेच असतील, तर वेगासाठी सीडीएनची गरज नाही. न्यू जर्सी, लंडनपर्यंत वाचक असलेल्या मराठी मासिकाने ते जरूर घ्यावे. मात्र त्याआधी पानावरची पाच-पाच एमबीची छायाचित्रे लहान करा. जड पान सीडीएनने हलके होत नाही.