टोल्यांचे घड्याळ आपल्याच हाताने

मालेगावात शुक्रवारी माग थांबतात. खडखडाटाची इतकी सवय झालेली असते की तो थांबला म्हणजे कान रिकामे झाल्यासारखे वाटते. या दिवशी घरातल्या लहानसहान आवाजांकडे लक्ष जाते. पुष्कळ घरांत एक आवाज मात्र आता ऐकू येत नाही. तो भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचा. घड्याळ असते. लाकडी पेटी असते, काच असते, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारची जागाही तीच असते. पण काटे कधीचे थांबलेले आणि चावी कुठल्याशा पत्र्याच्या डब्यात. मग एके दिवशी भंगारवाला दारात येतो, पितळ किती निघेल याचा अंदाज घेतो आणि किलोच्या भावाने घड्याळ घेऊन जातो.

ते असे जाऊ नये, घरच्या माणसांनीच ते उघडावे, समजून घ्यावे आणि चालू करावे, असे आम्हांला वाटते. जुन्या घड्याळांचा छंद म्हटले की आपले बांधव हसतात. "अहो, हे बंगलेवाल्यांचे चोचले, आपल्याला कुठले परवडणार?" असे आम्हांला तोंडावर विचारणारे भेटले आहेत. परंतु संग्रह करणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. संग्रहाला पैसा लागतो. दुरुस्तीला दोन पेचकस, एक चिमटा, एक मऊ ब्रश, थोडे तेल आणि पुष्कळसा धीर लागतो. आणि ज्याने बारा तास माग सांभाळला, तुटलेला धागा क्षणात जोडला, किंवा जिने कांड्या भरून हात हलका केला, त्यांच्याइतका तयार हात बंगल्यात कुठे मिळणार?

आपला आणि घड्याळाचा संबंध तसा जुना आहे, पण तो फारसा गोड नाही. घड्याळ मालकाचे आणि भोंगा गिरणीचा. कामगाराने फक्त धावायचे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षे झगडून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. तोपर्यंत आठवड्याला हक्काचा एक दिवसही नव्हता. पुढे इंग्रज सरकारने साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे सूर्य होता तेथेच आणि गिरणीचे घड्याळ मात्र पुढे! १९०६ च्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध माग सोडले, दगडफेकही झाली. ज्यांच्या घरात घड्याळ नव्हते, त्यांना घड्याळाचा अर्थ शिकलेल्यांपेक्षा लवकर कळला होता.

आणि मग बाबासाहेब. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. १९३४ च्या कायद्यात आठवड्याला ५४ तास काम होते. १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ वर आले. आठ तासांचा दिवस आपण आज सहज म्हणतो, त्यामागे हे आहे. उरलेले तास कशासाठी? झोपेसाठी, मुलांसाठी, वाचनासाठी, आणि आम्ही म्हणतो छंदासाठीसुद्धा. खेदाची गोष्ट अशी की मालेगावातल्या कित्येक मागांवर आजही पाळी बारा तासांचीच आहे. त्यामुळे "घड्याळ दुरुस्त करा" असे सांगताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. बारा तास उभे राहिलेल्या माणसाला आधी पाठ टेकायची असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आम्ही शुक्रवारचे दोनच तास मागतो.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचे निमित्त. चांगला पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. येथून जवळच मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद झाली, तेथेही तेच गाऱ्हाणे होते. रुळावरची मेहनत आपली, कसबाची आणि बढतीची जागा दुसऱ्याची. ज्या पिढ्यांना हलक्या हाताच्या कामापासून मुद्दाम दूर ठेवले, त्यांच्या नातवंडांनी घड्याळाचे यंत्र उघडून बसावे, यात आम्हांला एक वेगळाच आनंद वाटतो.

या बाबतीत इंग्लंडातल्या एका सुताराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जॉन हॅरिसन, जन्म १६९३. बाप सुतार, स्वतःही सुतार, शाळा-कॉलेज नाही. त्याने पहिले घड्याळ केले त्याची चाकेसुद्धा लाकडाची होती. त्या काळी भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे खलाशांना नेमके कळत नसे आणि जहाजे खडकांवर आपटत. १७१४ साली तिथल्या पार्लमेंटने यावर वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस लावले. मोठमोठे ज्योतिर्विद आकाशाकडे पाहत बसले. हॅरिसनने घड्याळ केले. १७६१ मध्ये निघालेल्या जमैकाच्या प्रवासात ८१ दिवसांत ते अवघे पाच सेकंद मागे पडले. तरीही विद्वानांच्या मंडळाने त्याला वर्षानुवर्षे झुलवत ठेवले. अखेर १७७३ मध्ये, तो ऐंशीचा झाला तेव्हा, पार्लमेंटने मोठी रक्कम दिली. सुताराने शोध लावला हे पचायला मंडळींना इतकी वर्षे लागली. आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

आता यंत्राकडे येऊ. मागाशी ज्याची ओळख आहे त्याला घड्याळ अर्धे आधीच येते. मागावर विणलेले कापड गुंडाळणारे जे दातेरी चाक असते ते धोट्याच्या फेरीबरोबर जरा जरा पुढे सरकते आणि खटका त्याला मागे येऊ देत नाही. घड्याळातही तसेच. गुंडाळलेली पोलादी कमान उलगडायला धडपडत असते. तिचा जोर चार-पाच चाकांतून शेवटच्या दातेरी चाकाकडे जातो. त्या चाकावर नांगरासारखा एक दुपाखी तुकडा बसलेला असतो. लंबक एकीकडे गेला की नांगराचे एक टोक सुटते, दुसरे अडकते, आणि चाकाचा एक दात निसटतो. आपण जी टिकटिक ऐकतो ती या अडकण्याची. टोल्यांसाठी दुसरी कमान आणि चाकांची दुसरी रांग असते, म्हणून तबकडीवर चावीची दोन भोके.

अन्सोनिया, सेथ थॉमस ही अमेरिकन नावे किंवा युंगहान्स हे जर्मन नाव तबकडीवर दिसले तर घड्याळ परदेशातून आलेले समजावे. आकडे रोमन असले तर मुलांना चार वाजताचा आकडा नीट पाहायला सांगा. पुस्तकात शिकवतात तो तेथे नसतो, चार उभ्या रेघा असतात. मनगटी घड्याळाने मात्र सुरुवात करू नये. लग्नात मिळालेले एचएमटी पुष्कळ घरांत आहे, बंगळुरूला १९६१ पासून ती घड्याळे होऊ लागली आणि २०१६ मध्ये तो कारखाना मिटला, त्यामुळे जीव त्यात अडकतो. पण ते यंत्र फारच बारीक. आधी भिंतीवरचे.

मेलेली म्हणून ठेवलेली पुष्कळ घड्याळे खरे तर मेलेली नसतात. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो, ती वाकलेली किंवा तुटलेली असते, एवढेच. घर बदलताना लंबक न काढता घड्याळ उचलले की ही पट्टी जाते. म्हणून भिंतीवरून उतरवताना पहिल्यांदा लंबक काढावा. दुसरे कारण म्हणजे घड्याळ वाकडे टांगलेले असते. आमच्यातल्या गवंडीकाम करणाऱ्यांनी ओळंबा जरूर लावावा, पण येथे ओळंब्यापेक्षा कान खरा. टिक आणि टक यांमधले अंतर सारखे ऐकू आले पाहिजे. लंगड्या माणसाच्या पावलांसारखा आवाज आला तर पेटीचे खालचे टोक केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे सरकवत जावे, आणि आवाज सारखा झाला की भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी.

तिसरे कारण तेल. मालेगावात हवेत सुताचे तंतू असतात. माग घराला लागून असेल तर विचारूच नका. तेलावर हे तंतू बसतात, त्याचा काळा चिकटा होतो आणि चाके जागच्या जागी धरली जातात. लोक काय करतात, वरून आणखी तेल ओततात! खोबरेल ओततात, ते थंडीत गोठते. मागाचे तेल ओततात, ते दाट. शिलाई मशीनचे तेल पातळ, ते ओघळून जाते. घड्याळाच्या सुट्या भागांच्या दुकानात त्यासाठीचे तेल मिळते. सुईच्या टोकावर मावेल तेवढा थेंब, आणि तोही फक्त पितळी पत्र्यातल्या ज्या भोकांत चाकांची टोके फिरतात तेथे. दातांना तेल लावायचे नाही. दातांना तेल म्हणजे तंतूंना आमंत्रण. पेटीच्या फटी बंद ठेवाव्यात, काच सैल असेल तर बसवून घ्यावी, निम्मे दुखणे तेथेच संपते.

यंत्र पूर्ण उघडण्याआधी एक सक्त सूचना. कमानीत जोर भरलेला असताना पितळी पत्रे सुटे करू नयेत. कमान उसळली तर बोट कापते, चाकांचे दात मोडतात. चावी घट्ट धरावी, खटका किंचित बाजूला करावा आणि हातातल्या हातात चावी थोडी थोडी उलट सोडत दोन्ही कमानी मोकळ्या कराव्यात. हे पहिल्यांदा जाणत्या माणसासमोरच करावे. मुलांना या वेळी लांब बसवावे. नंतर प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढावा. कोणते चाक कुठले, हे जोडताना त्या फोटोंतून कळते. सुटे भाग टर्पेंटाइनमध्ये ब्रशने धुवावेत आणि भोके टोकदार काडीने आतून पुसावीत. अख्खे यंत्र रॉकेलच्या डब्यात बुडवून काढण्याची एक रीत आहे, तिने यंत्र वरून चकचकीत होते आणि भोकातली घाण भोकातच राहते. चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने चाके घासण्याचा मोह आमच्या भगिनींनी टाळावा, आंबट-खारटाने पितळ आतून खाल्ले जाते. कागदी तबकडीला ओले फडके लावू नये, आकडेच निघून येतात. आणि पेटीला ऑइलपेंट देऊ नये. आपल्याला निळा रंग प्रिय आहे हे मान्य. पण सागवानाला तो नको!

भोक झिजून लांबट झाले असेल, दात तुटला असेल, कमान तडकली असेल, तर घरी खटपट न करता घडीसाजाकडे जावे. हे लोक आता थोडे उरले आहेत. बॅटरीच्या घड्याळांनी त्यांचा धंदा बसवला. त्यांच्यापाशी बसून पाहिले, चहा पाजला, तर पुस्तकात नाही ते कळते. आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने हे कसब त्यांच्याकडून उचलावे, अशी आमची फार इच्छा आहे.

चालू झालेले घड्याळ लगेच बरोबर वेळ दाखवत नाही. लंबकाखालच्या नटाने गोळा वर चढवला की घड्याळ पुढे जाते, खाली उतरवला की मागे पडते. पाव मीटर लंबकात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटे, म्हणून नट अर्धा वेढाच फिरवावा आणि पुढच्या दिवसापर्यंत थांबावे. मुलांना हे पटवायचे तर २५ सेंटिमीटर दोऱ्याला एक नट बांधून झोके मोजायला लावा. मिनिटाला सुमारे साठ पूर्ण झोके होतात. मग दोन नट बांधा. झोके तेवढेच! वजनाने फरक पडत नाही, लांबीने पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की पोलादी दांडी वाढते आणि घड्याळ थंडीच्या मानाने दिवसाला पंधराएक सेकंद मागे पडते. दांडी लाकडाची असली तर फरक कमी. मे महिन्यात उगाच घड्याळाला दोष देऊ नये.

चावी आठवड्याला एकदा, शक्यतो ठरलेल्या दिवशी द्यावी. मालेगावकरांना शुक्रवार सोयीचा.

राहिला टोल्यांचा प्रश्न. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो आणि घड्याळ डोक्यावर बाराचे टोले देते, म्हणून घरच्यांनी घड्याळच बंद ठेवल्याचे आम्ही पाहिले आहे. त्याची गरज नाही. यंत्राच्या मागे खाचांचे मोजणीचे चाक असलेल्या जुन्या घड्याळांत टोल्यांच्या कमानीला चावीच देऊ नये, फक्त वेळेच्या कमानीला द्यावी. घड्याळ मुक्याने चालते, काही बिघडत नाही. पाळी बदलली की टोल्यांची चावी भरावी. टोल्यांचा मेळ तोपर्यंत चुकलेला असेल. नऊ वाजता चार पडतील. मिनिटकाटा बारावर आणून पडलेले टोले मोजावेत, तासकाटा हलक्या हाताने त्या आकड्यावर फिरवावा, आणि मग मिनिटकाटा पुढे नेत, प्रत्येक तासाला थांबून टोले पुरे पडू देत, खऱ्या वेळेवर यावे.