नक्कल आणि अस्सल : तांबं, एन्झाइम आणि डीएनए

आजचा विषय रसायनशास्त्राचा, आणि आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले. पण या विषयाच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. एखाद्याचं काम करता आलं, म्हणजे आपण त्याच्यासारखे झालो का?

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. फोडीतली कॅटेकॉलसारखी द्रव्यं आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ तिथलं एक एन्झाइम घालून देतं. त्यातून क्विनोन बनतं आणि पुढे तो काळपट रंग. रताळ्यातल्या अशाच एका एन्झाइमची, कॅटेकॉल ऑक्सिडेजची, स्फटिकरचना १९९८ साली प्रसिद्ध झाली. आत काय दिसलं? तांब्याचे दोन आयन, एकमेकांपासून साधारण २.९ अँगस्ट्रॉमवर, प्रत्येकाला तीन हिस्टिडीननी धरलेलं. भोवती भलंमोठं प्रथिन.

रसायनशास्त्रज्ञ म्हणतात, प्रथिन बाजूला ठेवू. नायट्रोजन असलेला एक छोटा सेंद्रिय रेणू घेऊ आणि त्यात तांबं बसवू. यालाच तांब्याचं कॉम्प्लेक्स म्हणायचं. त्याच्या द्रावणात कॅटेकॉलच्या जातीचा एखादा पदार्थ घालून हवेत ठेवला आणि द्रावण पिवळं होत गेलं, की समजायचं क्विनोन तयार होतंय. नक्कल जमली!

खरंच जमली का? आता दुसरं उदाहरण पाहू. १९७९ साली अमेरिकेत डेव्हिड सिगमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फेनँथ्रोलीनचे दोन रेणू आणि त्यांच्यामध्ये तांबं, असं कॉम्प्लेक्स डीएनए तोडतं. ते डीएनएच्या अरुंद खाचेत बसतं. सोबत क्षपणक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असलं, की तिथल्या साखरेवर हल्ला होतो आणि साखळी तुटते. म्हणून त्याला ‘रासायनिक न्यूक्लिएज’ म्हणू लागले.

जिवाणूंमधलं ईको-आर-वन हे एन्झाइमही डीएनए तोडतं. पण ते सहा अक्षरांचा ठरावीक क्रम ओळखतं, तिथंच कापतं, आणि कापलेली टोकं दुसरं एन्झाइम पुन्हा जोडू शकतं. तांब्याच्या कॉम्प्लेक्सला अशी काटेकोर ओळख नाही, आणि ते साखरच उद्ध्वस्त करतं. एक जण टाका उसवतो, दुसरा कापडच जाळतो. ‘तोडणं’ हा शब्द मात्र आपण दोघांनाही लावतो. गोंधळ होतो तो इथं.

म्हणजे प्रथिन हे नुसतं वेष्टन नव्हे. कोणाला आत घ्यायचं, कुठं हात लावायचा, हे ते ठरवतं. म्हणून परीक्षानळीत डीएनए तुटला, की लगेच ‘कर्करोगावर औषध सापडलं’ म्हणणं ही फार मोठी उडी आहे. डीएनए निरोगी पेशीतही असतोच ना! निवड कोण करणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मग नक्कल व्यर्थ का? नाही. हे कॉम्प्लेक्स फारशी निवड करत नाही, म्हणूनच ते एका कामाला आलं. ते उघड्या डीएनएवर जागोजागी तोडत जातं, पण जिथं एखादं प्रथिन बसलेलं असतं तिथं त्याचा हात पोचत नाही. तेवढा भाग शाबूत राहतो आणि प्रथिन नेमकं कुठं बसलंय ते कळतं.

अस्सलाची जागा नकलेला घेता आली नाही, पण अस्सल काय करत होतं हे तिनंच आपल्याला दाखवलं. आज इथंच थांबू.