चिमण्या विझल्या, गोठ्याचं काय?

तर मंडळी, ब्रिटनचे आकडे बघू. 1970 साली तिथं हवेत सुमारे 60 लाख टन सल्फर डायऑक्साइड सुटायचा, त्यात मोठा वाटा कोळशावरच्या वीजकेंद्रांचा. आज त्यात 95 टक्क्यांहून जास्त घट झालीय. 1990 च्या दशकात नैसर्गिक वायू आला, उरलेल्या काही केंद्रांत धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसली. शेवटचं कोळसा केंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं.

अमोनियाचं घोडं मात्र अडलंय. तो बहुतांश शेतीतून येतो: शेण-मूत्र, युरिया. इथं चिमणीच नाही हो, यंत्र बसवणार कुठं? आणि हाच अमोनिया हवेत इतर वायूंशी मिसळून बारीक कण बनवतो, जे वाऱ्याबरोबर शहरात येऊन थेट फुप्फुसात उतरतात.