रंगीत फक्त चित्र : 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'

शिक्षक-पालक मित्रहो, नववी-दहावीची मुलं हल्ली ओळखपत्राच्या फोटोवर नाराज असतात. "हा मी वाटतच नाही," म्हणतात. मोबाईलच्या फिल्टरमधला गुळगुळीत चेहराच त्यांना आपला वाटू लागलाय. वर्ध्यात काय नि आर्वीत काय, सगळीकडे हेच. यावर वर्गात बोलायचं तर उपदेशापेक्षा एक जुना सिनेमा बरा.

ऑस्कर वाइल्डची ही कादंबरी 1890 मध्ये आधी मासिकात आली, 1891 मध्ये पुस्तकरूपात. 1945 मध्ये अल्बर्ट लेविन यांनी तिच्यावर सिनेमा काढला. देखणा डोरियन आपलं चित्र बघून इच्छा करतो, की म्हातारं या चित्रानं व्हावं, मी असाच राहावं. तसंच घडतं. सिबिल या गाणाऱ्या मुलीला तो निष्ठुरपणे सोडतो, ती जीव देते. चित्रातल्या ओठांजवळ क्रूरपणाची रेघ उमटते. चेहरा मात्र कोराच!

लेविन यांची खरी करामत पुढे आहे. सिनेमा कृष्णधवल, पण चित्र दाखवताना मोजक्या जागी पडदा एकदम रंगीत होतो. म्हणजे जिवंत माणूस फिका आणि दडवलेलं चित्र खरं. ते सडलेलं चित्र इव्हान ऑलब्राइट यांनी रंगवलं, आज ते शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. हॅरी स्ट्रॅडलिंग यांना छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच. डोरियन झालेल्या हर्ड हॅटफील्डचा चेहरा जवळजवळ हलत नाही; काहींना हा अभिनय थंड वाटतो, मला तो नेमका वाटतो.

आणखी एक गोष्ट मास्तरांना टोचेल. कादंबरीत डोरियन हे चित्र लपवतो कुठे? लहानपणी जिथे शिकला, त्या अभ्यासाच्या खोलीत.

आपल्याकडे याच्या जवळचं काही हवं असेल तर प्रभातचा 'कुंकू' (1937) घ्या. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. तरुण नीराशी लग्न केलेले म्हातारे काकासाहेब कलप लावून वय झाकू पाहतात. तिथे जादूचं चित्र नाही, साधा आरसा आहे. पण काकासाहेबांना शेवटी लाज वाटते. डोरियनला वाटते ती भीती. हा फरक मुलांनाच शोधू द्या.

दोन्हींत आत्महत्या आहे, 'डोरियन'मध्ये खूनही. तेव्हा आधी स्वतः पाहा, मग निवडक प्रसंगच दाखवा, आणि नंतर बोलायला एक अख्खा तास मोकळा ठेवा.